म्हशीनंतर माझं नाव

५ मार्च, बुधवार

राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांची सुरुवात. उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला चर्चच्या पायरीवर गाठलं. "अमोलिकसर, नऊ एप्रिलच्या बुधवारच्या सभेत तुम्ही बोलायचं. विषय आहे अंतःकरणाची राखण." मीच का, असं विचारलं तर म्हणाले, "मंडळीच्या पंचांच्या मागच्या बैठकीत तुम्ही उपासनेत वाजणाऱ्या मोबाईलवर पंचवीस मिनिटं बोललात. तेवढंच बोला, फक्त थोडं प्रेमानं."

टोमणा होता का? घरी येईपर्यंत याच विचारात होतो. मग वाटलं, टोमणा असला तरी खोटा नाही. दुसऱ्यांच्या मोबाईलवर बोलणाऱ्याचं स्वतःचं मन प्रार्थनेच्या वेळी कुठे असतं? कॉलेजच्या ग्रंथालयात, नॅकच्या तपासणीच्या फायलींत, नाहीतर पाळकसाहेबांच्या प्रवचनातल्या चुका काढण्यात.

म्हणून ठरवलं. ईस्टरपर्यंत रोज पहाटे पाच ते सहा फक्त देवासमोर. मोबाईल झोपण्याआधी बाजरीच्या कोठीत. उठायला जुनं गजराचं घड्याळ. आणि काय काय आडवं येतं ते या वहीत खरं खरं लिहायचं. सुकन्याला सांगितलं. ती नुकतीच हॉस्पिटलमधून ड्यूटी संपवून आली होती. पायातले बूट काढत म्हणाली, "करा की. तसेही तुम्ही चारलाच जागे असता."

६ मार्च, गुरुवार

पहिला दिवस. मन अकरा वेळा बाहेर गेलं. पुस्तकांची मोजदाद, आमच्या निकिताची दहावीची परीक्षा, पंख्याची कुरकुर, आणि एकदा तर, लिहायला लाज वाटते, मटणाचा रस्सा. या अकरांना मी धरून परत आणलं असतं. पण पाच वाजून दहा मिनिटांनी भिंतीपलीकडे आई सुरू झाली.

आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. मिशनच्या दवाखान्यात आया होती, लिहितावाचता येत नाही. ती पहाटे मोठ्यानं प्रार्थना करते, माझ्या जन्माच्या आधीपासून करत असणार. आणि तिची प्रार्थना म्हणजे निव्वळ नावं. "सलाम, बापा. केशर आलीय." एवढी प्रस्तावना झाली की ती नेवाशाकडच्या आमच्या जुन्या गावातून चालायला लागते, चर्चच्या घंटेपासून ओढ्यापर्यंत, एकही घर न वगळता. "हिरीवरच्या छबूबाईच्या डोळ्यातलं पानी थांबव. रंगनाथ शिंप्याचा गुडघा. आक्काबाईच्या सुनंची कूस भर. गिरनीवाल्या आदिनाथाला त्या बाटलीपासून सोडव." अशी चाळीसेक नावं. यातली निम्मी माणसं कधीच गेली. आक्काबाईची ती सून आता स्वतः आजी झाली आहे. पुढे आम्ही जिथे जिथे राहिलो तिथले शेजारी शेवटी जोडलेले. आता शेजारी राहणाऱ्या, आम्हाला दूध घालणाऱ्या दगडाबाईही त्यात आहेत. आणि सगळ्यांच्या मागे कानिफनाथाची म्हैस.

म्हैस! मी आठवीत असताना ती आटली होती. एकदा मी न राहवून म्हणालो होतो, "आई, ती म्हैस मरून तीस वर्षं झाली." तर म्हणाली, "मग तिच्या रेड्या असतील की. त्यांनी दूध न्हाई द्यायचं का?"

म्हशीनंतर माझं नाव येतं. चाळीस माणसं आणि एक जनावर झाल्यावर पोटचा मुलगा. तिथपर्यंत येईस्तोवर मी इतका वैतागलेला असतो की लहानपणापासून त्या जागी उशी डोक्यावर ओढतो. आज उशी नव्हती, म्हणून कानांत बोटं घातली. देवासमोर कानांत बोटं घालून बसलेला पंच.

८ मार्च, शनिवार

शनिवार. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्या साडेचारपासून. आमचं घर रस्त्याला लागून, त्यामुळे प्रत्येक हॉर्न जणू माझ्याच छातीत वाजतो. सहा मैलांवर घरांना दारं नसलेलं गाव आहे. आमच्या घराला दारं आहेत, खिडक्यांना काचा आहेत, आणि आत यायचं ते सगळं येतंच. बुधवारच्या सभेत हा दाखला वापरता येईल. लगेच मन भाषणाची जुळवाजुळव करायला लागलं. म्हणजे अंतःकरणाच्या राखणीच्या भाषणानंच अंतःकरण पळवलं. वैताग आहे.

आई आज म्हशीपर्यंत पोचली तेव्हा पाच पंचेचाळीस झाले होते.

११ मार्च, मंगळवार

शेवटी आईला सांगितलं. चार दिवस वाक्यं जुळवत होतो. चहा पिताना म्हणालो, "आई, ईस्टरपर्यंत पहाटेची प्रार्थना मनात कर ना. मला एकाग्र होता येत नाही."

"मनात?"

"हो. देवाला मनातलंही ऐकू येतं."

"त्याला येतं रं. मला येत न्हाई. मनात म्हनलं की इसरतं. तोंडानं गेलं की एक एक घर पुढं येतं."

मी म्हणालो, सहा आठवड्यांचा तर प्रश्न आहे. ती बशीतला चहा फुंकत राहिली. मग म्हणाली, "बरं. तुझा अभ्यास हाय तर ऱ्हाऊ दे."

अभ्यास. जसा मी बारावीला बसलोय.

मी कठोर बोललो का? आवाज चढवला नव्हता. निकिता पुस्तकातून मान वर करून माझ्याकडे बघत होती, ते मात्र आवडलं नाही.

१२ मार्च, बुधवार

शांतता. पूर्ण तास. पंखासुद्धा बंद केला.

मन चौदा वेळा बाहेर गेलं.

१५ मार्च, शनिवार

दगडाबाईंनी दूध घालता घालता मला अडवलं. आईला त्या आक्का म्हणतात. "सर, आक्का आजारी हायती का?"

"नाही, बरी आहे."

"मग चार दिस झालं, माझं नाव येईना. मी रोज म्हशीच्या धारा काढताना भिताडाला कान लावून असते. माझं नाव आलं की मग चूल पेटवायची. आता चुलीला बी उशीर होतोय."

मी समजावलं की आई आता मनात प्रार्थना करते, तुमचं नावही घेत असेल. दगडाबाईंनी माप कॅनमध्ये टाकलं. "मनातलं मला कसं ऐकू येनार, सर?"

बाई विठ्ठलाच्या, आणि चूल पेटवणार माझ्या आईच्या प्रार्थनेवर. मी म्हणालो, गजर लावा. नंतर वाटलं, हे जरा तोडून बोललो. मग त्यावर अर्धा दिवस विचार करण्यात गेला.

१८ मार्च, मंगळवार

निकिताचा शेवटचा पेपर काल झाला. आता तरी घर थंडावेल असं वाटलं होतं. पण काल संध्याकाळी आईनं दूध दोनदा उतू घालवलं. चहात साखर टाकली, आणि पुन्हा टाकली. मी बोललो तर कावरीबावरी होऊन म्हणाली, "मी न्हाई टाकली." लहान मुलासारखं.

सुकन्या स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाली, "अहो, आईंना एकदा नगरला दाखवू या. परवा औषधाच्या दोन गोळ्या एकदम घेत होत्या."

"वय आहे तिचं. ईस्टर झाल्यावर बघू. तोपर्यंत मला या चाळीस दिवसांत मोडता नको आहे."

ती भांडी घासत राहिली, जरा जोरात. आज प्रार्थनेत नऊ वेळा बाहेर गेलो. त्यातल्या पाच वेळा त्या भांड्यांपाशी.

२३ मार्च, रविवार

एक विचित्र गोष्ट. पहाटे शांततेत बसलेलो असतो, कोणी काही बोलत नाही, आणि पाच वाजून दहा मिनिटं झाली की डोक्यात आपोआप येतं: विहिरीवरच्या छबूबाई. मी ते ढकलून देतो. मग रंगनाथ शिंपी येतो, गुडघा धरून. म्हणजे आईला गप्प करून काय मिळवलं? बाहेरचा गोंगाट थांबला आणि तो आत जाऊन बसला. हे भाषणाचा मुद्दा म्हणून लिहून ठेवतो: शत्रू बाहेर नसतो, आत असतो.

दुपारी जेवताना सहज विचारलं, "आई, रंगनाथ शिंप्याचा कोणता गुडघा दुखायचा?"

"कोन रंगनाथ?"

थट्टा करते की काय? मी रागावून बसलो आहे असं तिला वाटत असेल, म्हणून तीही हट्ट करते आहे. आमच्या घरात हट्टाला तोटा नाही.

३० मार्च, रविवार

काल शनिअमावास्या होती. रस्त्यावर मुंगीला जायला जागा नव्हती, गाड्या दारापर्यंत लागल्या होत्या. आणि या सगळ्या गर्दीत आई घरातून निघाली आणि थेट रस्त्यावर गेली. दगडाबाईंनी तिला नारळवाल्याच्या टपरीजवळ पाहिलं आणि हाताला धरून आणलं. कुठे निघाली होती, विचारलं तर म्हणाली, "दवाखान्यात. माझी ड्यूटी हाय."

तिला निवृत्त होऊन वीस वर्षं झाली. मी ओरडलो. भर रस्त्यात गाडीखाली आली असती तर? ओरडल्यावर तिचे डोळे भरले, आणि मला दिवसभर प्रार्थना करता आली नाही. कोणाच्या पापाची कबुली द्यायची, तिच्या की माझ्या?

आज पाडवा. दगडाबाईंनी साखरेची गाठी आणली. आईच्या गळ्यात घालून म्हणाल्या, "आक्का, औंदा माझं नाव कवा घेनार?" आई नुसती हसली. गाठीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला.

६ एप्रिल, रविवार

भाषण लिहून झालं. बारा पानं. तीन वेळा वाचलं, प्रत्येक वेळी वाटलं, हे मीच लिहिलं का? या विचाराबरोबरच अभिमान आला, म्हणून दोन पानं फाडली. मग ती चांगली होती म्हणून पुन्हा लिहिली.

९ एप्रिल, बुधवार

बोललो. पस्तीस मिनिटं. दारं नसलेल्या गावाचा दाखला लोकांना आवडला. मन हे घर आहे, त्याला दार लावणं आपल्या हातात आहे, आत कोणाला घ्यायचं आणि कोणाला उंबऱ्यावर थांबवायचं हे ठरवल्याशिवाय देवाला बसायला जागा उरत नाही, असं सांगितलं. एकही मोबाईल वाजला नाही. पाळकसाहेबांनी हात धरून सांगितलं, "सर, यावेळी प्रेमही होतं."

आई पहिल्या बाकावर होती. सुकन्याची ड्यूटी होती म्हणून दगडाबाई तिला घेऊन आल्या आणि डोक्यावर पदर घेऊन शेवटपर्यंत बसल्या. सभा संपल्यावर त्या हसत हसत सगळ्यांना सांगत होत्या, "आक्का काय म्हनल्या ऐकलं का? म्हनल्या, पोरगं लई चांगलं बोललं. कुनाचं हाय?"

सगळे हसले. पाळकसाहेब म्हणाले, "आईला अभिमान वाटला की आई अशीच बोलते." मीही हसलो. घरी येताना मोटारसायकलवर मागे बसून आईनं माझ्या खांद्याला घट्ट धरलं होतं. उतरल्यावर म्हणाली, "लई उपकार झाले."

आईला अशी गंमत करायची सवय नाही.

१० एप्रिल, गुरुवार

पहाटेचा तास झाला नाही. आईच्या खोलीच्या दारात उभा होतो. ती जागी होती, भिंतीकडे बघत होती, ओठ हलत नव्हते. मनातही काही चाललं नव्हतं, हे बाहेरूनच कळत होतं.

सुकन्या उठून आली. मी म्हणालो, "उद्याची रजा टाक."

"टाकलीय," ती म्हणाली. "कालच टाकली."

१२ एप्रिल, शनिवार

काल नगरला डॉक्टरांकडे गेलो होतो. स्मृतिभ्रंश. दोन वर्षांपासून असावा, असं डॉक्टर म्हणाल्या. तरुण बाई, घाई न करणाऱ्या. त्यांनी आईला पाच वस्तूंची नावं सांगितली आणि थोड्या वेळानं विचारली. आईनं एकही सांगितलं नाही, उलट त्यांनाच विचारलं, "तुमी जेवल्या का?"

"दोन वर्षं घरात कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?" असं मीच विचारलं, जसा मी त्या घरातला नव्हे. सुकन्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

डॉक्टर म्हणाल्या, "रोजचं काही ठरलेलं असेल तर माणूस त्याला धरून चालतं, मग लवकर कळत नाही. जप, पोथी, असं काही म्हणायच्या का?"

मी सगळं सांगितलं. नावं, घरं, म्हैस, अकरा मार्च. विचारलं की माझ्यामुळे झालं का. त्या नाही म्हणाल्या. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा विचारल्यावर पेन खाली ठेवलं. "आजार तुमच्यामुळे झालेला नाही, सर. रोजच्या सवयी शक्यतो मोडू नका, एवढंच."

एवढंच.

१४ एप्रिल, सोमवार

काल झावळ्यांचा रविवार. आईनं झावळी हातात धरली, पण ती कशासाठी ते विसरली आणि माझ्या पाठीवरून फिरवत बसली, माश्या वारतात तशी.

आज पहाटे तिच्या खोलीत गेलो. म्हणालो, "आई, प्रार्थना म्हण. मोठ्यानं म्हण."

ती दचकली. तोंडावर बोट ठेवलं. "नगं. हळू बोला. पोराला तरास हुतो."

"कोणत्या पोराला?"

"हाय आमचं एक. अभ्यास करतंय."

नावं गेली, घरं गेली, मी गेलो. मी घातलेली बंदी तेवढी नीट राहिली.

१८ एप्रिल, शुक्रवार

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन चर्चमध्ये. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलले. मी एकही ऐकला नाही. किती वेळा मन बाहेर गेलं ते मोजलं नाही, कारण ते आत आलंच नव्हतं. ते घरी होतं. निकिता आईजवळ थांबली होती. मी बाकावर बसून बोटांवर घरं मोजत होतो: विहीर, शिंपी, आक्काबाई, गिरणी. ओढ्यापाशी जाऊन पुन्हा घंटेपाशी यायचो. मला वाटलं होतं पाच-सहा नावं आठवतील.

१९ एप्रिल, शनिवार

पाच वाजता आईच्या गादीशेजारी खाली बसलो. आज वही नव्हती, घड्याळ नव्हतं. ती जागीच होती. मला तिच्यासारखं मोठ्यानं बोलायची लाज वाटली. निकिता भिंतीपलीकडे ऐकेल, दगडाबाई ऐकतील. मग म्हणालो.

"सलाम, बापा. केशर आलीय."

आईनं मान वळवली.

"विहिरीवरच्या छबूबाईच्या डोळ्यांतलं पाणी थांबव. रंगनाथ शिंप्याचा गुडघा. आक्काबाईच्या सुनेची कूस भर. गिरणीवाल्या आदिनाथाला बाटलीपासून सोडव."

एकही नाव चुकलं नाही. चाळीस वर्षं ज्यांच्यावर चिडत आलो ती सगळी माणसं ओळीनं दारात येऊन उभी राहिली, आपापलं दुखणं घेऊन. मेलेलीसुद्धा. मी कोणालाच उंबऱ्यावर थांबवलं नाही, थांबवायचं सुचलंच नाही. दगडाबाईंचं नाव घेतलं तेव्हा भिंतीपलीकडे बादलीतली धार क्षणभर थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

"कानिफनाथाच्या म्हशीला, तिच्या रेड्यांना दूध येऊ दे."

आणि तिथे मी अडकलो. याच्या पुढचं मला माहीत नव्हतं. याच्या पुढे मी उशी ओढायचो.

आई वाट बघत होती. मग तिलाच राहवलं नाही. "थांबला का? म्हशीमागं कल्यान."

"कल्याणसाठी काय मागू?"

"झोप," ती म्हणाली. एवढं साधं कसं माहीत नाही, अशा सुरात. "ल्हानपनापासनं झोप न्हाई त्याला. लई इचार करतंय पोरगं. बापा, माझ्या कल्यानाला झोप लागू दे. आमेन."

"आमेन," मी म्हणालो.

तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "समदी नावं बराबर घेतली. तुमी कुठल्या गावचे?"

"त्याच गावचा," म्हणालो.

तासात मन किती वेळा बाहेर गेलं, ते मोजायचं राहिलं.

२० एप्रिल, रविवार

ईस्टर. आयुष्यात पहिल्यांदा पहाटेची उपासना चुकली. मंडळी पाच वाजता मेणबत्त्या घेऊन कब्रस्तानात जमते. पहिलं वाचन माझ्याकडे होतं. पंच असून, अंतःकरणाच्या राखणीवर पस्तीस मिनिटं बोललेला माणूस असून, जागा झालो तेव्हा भिंतीवर ऊन आलं होतं. सव्वासात.

सुकन्या नवी साडी नेसून, उपासना करून परतही आली होती. मी अंथरुणात उठून बसलो. "गजर वाजला नाही?"

"वाजला. बराच वेळ वाजला. तुम्ही घोरत होतात."

"मग उठवायचं नाही का? वाचन कोणी केलं?"

"पाळकसाहेबांनी. उठवायलाच आले होते मी. आईंनी हात धरला माझा. म्हणाल्या, त्या मानसाला उठवू नगं. कुनाचा का असंना, लई दिसांनी झोपलाय."

मी चिडून काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर जांभई आली.